इतर, असल्यास

लाखांदूरच्या पुढे डांबर संपतं तिथे
स्कूटी लावून तलावाच्या पाळीवरून चालत जायचं.
पिशवीत टॅबलेट, संमतीपत्रं, अंगठ्यासाठी शाईचं पॅड,
आणि बिस्किटांचे दोन पुडे, जे प्रकल्पाच्या हिशेबात बसत नाहीत.
मी संशोधन सहायक.
म्हणजे उपचार करत नाही, सल्ला देत नाही,
गोळ्या देत नाही, हे आधी मोठ्यानं
वाचून दाखवते.

सहभागी क्रमांक चौऱ्याहत्तर
जाळं विणता विणता ऐकते.
गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं?
एकही नाही, काही दिवस,
निम्म्याहून जास्त, की जवळपास रोज?
दुर्पता म्हणते
(हे नाव मी दिलंय, खरं नागपूरला कपाटात कुलूपबंद),
"बाई, या दोन हप्त्यांत तलावाचा लिलाव होता.
उदास व्हाले टाइम कोनाले?"
मी निवडते: एकही नाही.
ती दातानं दोरा तोडते.
"पन रातच्यानं, सांगू का..."
मी मागे जाऊन उत्तर बदलते.

मग चित्र. दहा पायऱ्यांची शिडी.
सगळ्यात वर ठणठणीत बरा माणूस आहे असं समजा,
तुम्ही आज कितव्या पायरीवर?
ती चित्र उजेडात धरते, उलटं करते, सुलटं करते.
"पन हे निसनी टेकवली कायले आहे?"
एकशेबारा मुलाखतींत मी शिडी दाखवत आले होते.
पहिल्यांदा नीट पाहिली.
टेकलेली नव्हती कशालाच.

पलीकडच्या टोलीवर इस्तारीकाका.
दंडारीत तीस वर्षं राजा झाला,
मग एका पावसाळ्यात घरातसुद्धा मुकुट काढेना.
आवाज ऐकू येतात का? होय किंवा नाही.
"येतात ना जी. पन आता कसं,
पडद्याआडून परामटर सांगते, तसे येतात.
मी आयकतो. मंग माह्या मनातलं बोलतो."
होय किंवा नाही, काका.
"दोन्हीवर टिक कर."
टॅबलेट दोन्हीवर टिक करू देत नाही.

शुक्रवारी नागपूरहून मॅडमचा फोन:
प्रणाली, 'इतर'मध्ये किती लिहितेस गं,
त्यात दोनशेच अक्षरं मावतात.
खरंय. दोनशे अक्षरांपाशी कर्सर थांबतो
आणि बाई बोलतच असते.

तिच्याकडे सहाव्या महिन्याची फेरी. धान कापून झालेलं,
अंगणात तणसाचा ढीग, त्यावर एक कोंबडी.
आत चहा ठेवताना सासूनं हात वर केला
आणि चुलीवरच्या फळीवरून काडीपेटी घेतली.
फळीवरून.
पहिल्या फेरीला ती काडीपेटी
सासूच्या कमरेच्या पिशवीत असायची,
विळा शेजाऱ्यांकडे, दोर तर घरातच नव्हता.
कुणी काही बोललं नाही. मीही नाही.
प्रश्नावलीत काडीपेटीचा प्रश्न नाही.
चहात साखर जास्त झाली होती.

निघताना दुर्पतानं पळसाच्या पानात झिंगे बांधून दिले.
सहभागींकडून भेटवस्तू घेऊ नये,
नियम सातवा, मीच सही केलेला.
पुडी संमतीपत्रांच्या बाजूला ठेवली.
आता त्या कागदांना तलावाचा वास येईल,
कपाटातसुद्धा.

"एक इचारू?" ती म्हणाली.
"तुले झोप येते का गं बराबर?"
मी चप्पल घालत होते.
येते की, म्हटलं.
ती जाळं हातात धरून नुसती उभी,
पुढचा प्रश्न विचारायची घाई नसलेली.
पाळीवर बगळे उतरले होते, ऊन कलत होतं,
अजून दोन घरं बाकी होती.

मी एका पायात चप्पल तशीच ठेवून खाली बसले
आणि उत्तर बदललं.